उत्तर सांगायचं नाही, तक्ता द्यायचा: नर्सिंगच्या वर्गात गटाने शोधत शिकणं

नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना एका रात्री मी एका बाळंतिणीची नाडी मोजली. १२०. बीपी ११० वर ७०. दोन्ही आकडे तक्त्यावर सुवाच्य अक्षरात लिहिले आणि पुढच्या कॉटकडे गेले. शॉकमध्ये, म्हणजे शरीराला पुरेसं रक्त पोचत नाही अशा अवस्थेत, नाडी जलद होते आणि बीपी कमी होतं, हे वाक्य मला तोंडपाठ होतं. चाचणीत ते लिहून गुणही मिळाले होते. पण हिचं बीपी चांगलं होतं, म्हणजे हिला शॉक नाही, असं मी मनातल्या मनात ठरवून टाकलं. थोड्या वेळाने रात्रीच्या सिनियर सिस्टर आल्या. त्यांनी तक्ता पाहिला आणि काही न बोलता चादर बाजूला केली. खाली रक्ताचं थारोळं होतं. ती बाई वाचली ती त्या सिस्टरांमुळे.

ते वाक्य मला पाठ होतं, पण समजलेलं नव्हतं. नाडी आधी पळते आणि बीपी मागाहून कोसळतं, या दोन्हींच्या मधल्या वेळातच सिस्टरचं काम असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं असं नाही. सांगितलं असेलच. पण आकडे समोर ठेवून ते मला स्वतःला कुणी शोधायला लावलं नव्हतं.

आज मी मराठवाड्यातल्या एका नर्सिंग कॉलेजात शिकवते. माझ्या वर्गात औशाच्या, किनवटच्या, आष्टीच्या, हदगावच्या मुली असतात. बहुतेकींची दहावीपर्यंतची शाळा मराठीतून झालेली, आणि पाठांतर असं दांडगं की पानं नि पानं म्हणून दाखवतील. ट्यूटर म्हणून नव्याने रुजू झालेल्या आणि व्याख्यानाशिवाय दुसरं काही करून बघायचं मनात असलेल्या सहकाऱ्यांसाठी हे लिहितेय. वाचून झाल्यावर एक तास तरी घेऊन बघावा, एवढ्या बेताने सगळं सांगते.

हे काय आहे, आणि काय नाही

चार-चार मुलींचे गट करायचे. प्रत्येक गटाला एक तक्ता, आकृती किंवा केस द्यायची आणि तिच्याखाली क्रमाने रचलेले प्रश्न. मुली आधी नुसतं बघतात. मग त्यात काय धागा आहे तो ओळखतात. त्या धाग्याचं शास्त्रीय नाव त्यानंतर येतं, आणि शेवटी तीच कल्पना नव्या रुग्णाला लावून बघायची असते. शिक्षक वर्गातच असतो, पण उत्तर सांगत नाही.

बघणं, कल्पना घडवणं, वापरून पाहणं हे तीन टप्प्यांचं चक्र १९६० च्या दशकात अमेरिकेत शाळेतल्या विज्ञानासाठी मांडलं गेलं. रॉबर्ट कार्प्लस हे त्यातलं मोठं नाव. पुढे १९९० च्या दशकात तिथल्या कॉलेजांतल्या रसायनशास्त्राच्या शिक्षकांनी त्याला गट आणि गटातल्या ठरावीक भूमिकांची जोड दिली. त्याला प्रोसेस ओरिएंटेड गायडेड इन्क्वायरी लर्निंग, थोडक्यात पॉगिल, म्हणतात. टीम-बेस्ड लर्निंग ही वेगळी पद्धत. ती लॅरी मायकेलसन यांनी १९७० च्या दशकाच्या शेवटी सुरू केली. तिच्यात मुलं घरून वाचून येतात, आधी एकेकट्याने आणि मग गटाने तीच चाचणी देतात, गटही पाच ते सातजणांचे असतात. दोन्ही चांगल्या आहेत. पण घरून धडा वाचून येणं आपल्या होस्टेलवर, ड्युटी करून दमून आलेल्या मुलींना दर वेळी जमत नाही, म्हणून सुरुवात पहिल्या पद्धतीने करावी असं माझं मत आहे.

आपल्याकडे ग्रुप डिस्कशन म्हणून जे चालतं, ते हे नव्हे. "गट क्रमांक तीन, तुम्ही शॉकवर सेमिनार तयार करा" म्हटलं की एक मुलगी पुस्तकातून उतरवते, दुसरी पीपीटी करते, तिसरी वाचून दाखवते आणि चौथी फोटोत उभी राहते. त्यात शोध नसतो, कारण प्रश्नच नसतो.

विषय निवडताना

सगळं या पद्धतीने शिकवायचं नसतं. कॅथेटर कसा घालायचा, हे हात धरून दाखवायचं काम आहे. औषधांची नावं, कायद्यातली कलमं, नर्सिंगचा इतिहास सरळ सांगावा. ते मुलींनी शोधून काढायचं म्हणजे सगळ्यांचाच वेळ घालवणं. जिथे एका गोष्टीमुळे दुसरी घडते आणि ती कशी घडली हे आकड्यांत दिसतं, ते विषय घ्या. जुलाब लागलेलं लेकरू आणि ओआरएस हा असाच एक. एक लिटर ओआरएसमध्ये सोडियम ७५ आणि ग्लुकोजही ७५ मिलिमोल, हे समोर ठेवलं की मुली स्वतःच विचारतात, अंगातलं पाणी आणि मीठ गेलं, मग साखर कशाला? कीटकनाशकाची फवारणी करून आलेल्या शेतकऱ्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या का झाल्या, हाही घेता येतो. साप चावल्यावरची वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी कोरड्या, स्वच्छ, काचेच्याच ट्यूबमध्ये का करायची, प्लॅस्टिकच्या का नाही, हासुद्धा. आपल्या भागातल्या वॉर्डात हे रुग्ण रोज येतात, त्यामुळे ते कुणाला नव्याने समजावून सांगावे लागत नाहीत.

पहिला तास: थेंब मोजणं

पहिल्याच दिवशी अवघड विषयाला हात घालू नका. मी पहिला तास सलाइनच्या थेंबांचा घेते, कारण तिथे उत्तर हाताने मोजता येतं आणि कुणालाच आपण अडाणी आहोत असं वाटत नाही.

वापरायची मुदत संपलेले दोन आयव्ही सेट लागतात, एक मॅक्रो (मोठ्या थेंबांचा) आणि एक मायक्रो (बारीक थेंबांचा). सलाइनच्या रिकाम्या बाटलीत साधं पाणी भरायचं. दहा मिलीच्या सिरिंजचा दट्ट्या काढून ठेवायचा आणि खालचं तोंड बंद करायचं, झालं मोजपात्र. प्रत्येक गटाने ५ मिली भरेपर्यंत पडलेले थेंब मोजायचे आणि पाचाने भागायचं. मॅक्रो सेटवर कुणाचे १८ येतात, कुणाचे २१, कुणाचे बरोबर २०. मायक्रोवर साठच्या आसपास. मग सेटचं पाकीट हातात द्यायचं आणि एका मिलीला किती थेंब हा छापलेला आकडा वाचायला लावायचा. आपले आकडे त्याच्या जवळ आले म्हणून मुलींना होणारा आनंद बघण्यासारखा असतो.

त्यानंतर प्रश्न: ५०० मिली सहा तासांत द्यायचं आहे. सहा तास म्हणजे किती मिनिटं? एका मिनिटाला किती मिली जायला हवं? तेवढ्या मिलीचे तुमच्या सेटवर किती थेंब होतात? ३६० मिनिटं, मिनिटाला साधारण १.३९ मिली, मॅक्रो सेटवर २८ थेंब. इथवर आल्यावरच फळ्यावर सूत्र लिहायला सांगायचं, आणि तेही त्यांच्याच शब्दांत. शेवटचा प्रश्न असा: मायक्रो सेटने तासाला १०० मिली द्यायचं तर मिनिटाला किती थेंब? तासाला ४० मिली असेल तर? उत्तरं १०० आणि ४० येतात. मायक्रो सेटवर तासाचे मिली आणि मिनिटाचे थेंब सारखेच का, हे एखादी मुलगी साठ मिनिटं आणि साठ थेंब यांची गाठ घालून सांगते. ज्या मुलीने हे सांगितलं ती हे सूत्र पुन्हा विसरत नाही. त्याआधी तीन वर्षं मी हेच सूत्र फळ्यावर लिहून दिलं होतं आणि दर परीक्षेत अर्धा वर्ग ते उलटं लिहायचा.

प्रश्नपत्रक तयार करणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. तास चांगला होईल की नाही, हे आदल्या रात्री पत्रकावरच ठरतं. माझं पहिलं पत्रक फसलं होतं. वर एक केस लिहिली आणि खाली "शॉकची कारणं व लक्षणं यांवर चर्चा करा" एवढंच. सगळे गट गप्प. मग प्रत्येक गटातल्या हुशार मुलीने पुस्तक काढलं, बाकीच्यांनी उतरवून घेतलं. चूक मुलींची नव्हती. चर्चा कशाच्या आधारावर करायची ते मी दिलंच नव्हतं.

आता मी जे पत्रक वापरते ते जवळजवळ पूर्ण देते. आकडे शिकवण्यासाठी रचलेले आहेत. तुम्हीही तसेच रचा. खऱ्या रुग्णाचा केस पेपर, नाव, कॉट नंबर, गाव यातलं काहीही पत्रकावर येता कामा नये.

प्रसूतीनंतरची बाई, नॉर्मल डिलिव्हरी. नोंदी अशा:

० मिनिटे: नाडी ८४, बीपी ११६/७४
१५ मिनिटे: नाडी ९२, बीपी ११४/७४
३० मिनिटे: नाडी १०४, बीपी ११२/७८
४५ मिनिटे: नाडी ११६, बीपी १०८/८२
६० मिनिटे: नाडी १२८, बीपी ९८/७२
७५ मिनिटे: नाडी १३८, बीपी ८४/६०

पहिले प्रश्न इतके सोपे ठेवा की तक्ता वाचता येणाऱ्या कुणालाही उत्तर देता यावं. नाडी १०० च्या वर पहिल्यांदा कधी गेली? वरचं बीपी १०० च्या खाली पहिल्यांदा कधी आलं? मध्ये किती मिनिटं गेली? उत्तर: अर्धा तास. हा "अर्धा तास" मुलींनी स्वतःच्या अक्षरात लिहिला पाहिजे. त्यासाठीच तर सगळा तक्ता रचला आहे.

मग थोडं गणित. प्रत्येक नोंदीत वरच्या बीपीतून खालचं वजा करा. ४२, ४०, ३४, २६, २६, २४. नाडीला वरच्या बीपीने भागा. ०.७२, ०.८१, ०.९३, १.०७, १.३१, १.६४. मोबाइलवर करायला हरकत नाही. त्यांना अजून पल्स प्रेशर किंवा शॉक इंडेक्स हे शब्द सांगितलेले नाहीत, आणि मुद्दामच नाहीत. नाव आधी कळलं की मुली नावाची व्याख्या शोधायला लागतात, आकड्यांकडे बघतच नाहीत.

पुढचे प्रश्न या पत्रकातले खरे प्रश्न:

तिसाव्या मिनिटाला रक्त तर जातंय, तरी वरचं बीपी जवळजवळ तेवढंच आहे. ते टिकवायला हृदयाने काय केलं असेल? रक्तवाहिन्यांनी काय केलं असेल?

खालचं बीपी ७४ वरून ८२ वर चढलं. रक्त कमी होत असताना कुठलाही आकडा वर का जावा?

शरीराची ही धडपड कोणत्या नोंदीपर्यंत पुरली? कशावरून?

दुसऱ्या प्रश्नावर वर्ग अडतो. अडू द्या. एका वर्षी एका गटात झालेलं बोलणं मी तिथेच वहीत टिपून घेतलं होतं. "अगं बीपी तर चांगलंय की, मग घाबरायलीस कशाला?" "चांगलं कुठंय, नाडी पळायलीय बघ. नाडी पळायलीय म्हणून बीपी चांगलं दिसायलंय." दुसरं वाक्य बोलणारी मुलगी वर्गात सहसा तोंड उघडत नसे. नळी आवळली की आतला दाब वाढतो, हे तिनेच पुढे शेतातल्या ठिबकच्या नळीवरून समजावलं. मानेतल्या आणि महाधमनीतल्या दाब ओळखणाऱ्या जागा, तिथून मेंदूला जाणारा निरोप, रक्तवाहिन्यांचं आकसणं, हे सगळं मी त्यानंतर दहा मिनिटांत सांगितलं, आणि मुलींनी ते कान देऊन ऐकलं, कारण त्यांना ते हवं होतं.

नावं यानंतर द्यायची. पत्रकाच्या मागच्या बाजूला एका चौकटीत: वरच्या आणि खालच्या बीपीतला फरक म्हणजे पल्स प्रेशर. नाडी भागिले वरचं बीपी म्हणजे शॉक इंडेक्स. प्रसूतीनंतर तो ०.९ च्या वर गेला तर सावध व्हायचं. बीपी टिकलेलं पण शरीर धडपडत असलेली अवस्था म्हणजे कॉम्पेन्सेटेड शॉक. एवढं वाचून मुली पुन्हा तक्त्याकडे वळतात. ०.९३ कुठे आहे? तिसाव्या मिनिटाला, जेव्हा बीपी ११२/७८ होतं आणि कुणीही "नॉर्मल" म्हणून सही केली असती.

शेवटी वापर. इथे आपला मुलूख पत्रकात येऊ द्या. मी चार प्रश्न ठेवते. पहिला: हीच बाई, पण हिमोग्लोबिन ७.५, तेवढंच रक्त गेलं तर काय फरक पडेल? गरोदरपणात ११ च्या खाली रक्तक्षय आणि ७ च्या खाली तीव्र रक्तक्षय धरतात, हे मुलींना माहीत असतं. इथे तो आकडा वजनदार होतो. रक्त कमी, त्यातही प्राणवायू वाहून नेणारं कमी. ५०० मिली रक्त गेलं की अतिरक्तस्राव, ही पुस्तकातली रेषा अशा बाईसाठी फार उशिराची ठरू शकते. दुसरा: तक्त्यात कोणती माहिती नाही, जी तुम्ही आधी कॉटजवळ जाऊन बघाल? गर्भाशय हाताला कडक लागतं की मऊ, पॅड किती भिजलंय, अंगाखाली रक्त साचलंय का, मूत्राशय भरलंय का. या प्रश्नाचं उत्तर सांगताना बहुतेक मुलींचा हात आपोआप पोटावर गर्भाशय चाचपल्यासारखा हलतो. तिसरा: डॉक्टरांना रात्री कॉल द्यायचाय, परिस्थिती, पूर्वपीठिका, तुमचा अंदाज आणि तुम्हाला काय हवंय, असं चार वाक्यांत बोलून दाखवा. "सर, पेशंट बरं नाही वाटत" हे चालणार नाही. आकडे आले पाहिजेत. चौथा: सासूबाई म्हणतात, "जाऊ द्या अंगावरून, विटाळ निघून जातो, चांगलंच असतं." त्यांना काय सांगाल? हा प्रश्न मी नंतर घातला, आणि सगळ्यात मोठा आवाज याच प्रश्नाला होतो. प्रत्येकीने हे वाक्य घरी ऐकलेलं असतं.

एकूण बारा प्रश्नांच्या वर जाऊ नका. आणि पत्रक वर्गात नेण्याआधी एखाद्या सहकाऱ्याला सोडवायला द्या. त्यांना जिथे "इथे नक्की काय विचारायचंय?" असं म्हणावं लागेल, तिथे मुली पाच मिनिटं अडकणार.

गट आणि कामं

गट तुम्ही करा. मुलींवर सोडलं तर एकाच खोलीतल्या चौघी एकत्र येतात आणि रात्रीच्या मेसच्या भाजीवर बोलतात. हजेरीपटाप्रमाणेही नको. वॉर्डात चटकन काम करणारी, गणिताची भीती नसलेली, न बोलणारी, इंग्रजी वाचायला बरी असलेली, अशी मोट बांधा. तोच गट चार-पाच तास तरी टिकू द्या. एकमेकींना "तुझं चुकलं" म्हणायला ओळख लागते. वर्गात मुलगे थोडे असतात. त्यांना एकेक करून सगळ्या गटांत वाटलं की बोलायचं काम आपसूक त्यांच्याकडे जातं आणि लिहायचं मुलीकडे. म्हणून मी दोघांना एका गटात ठेवते आणि कामं फिरती ठेवते.

कामं चार. मॅनेजर वेळ बघते आणि चौघींना बोलतं ठेवते. रेकॉर्डर गटाचं ठरलेलं उत्तर लिहिते, स्वतःचं नाही. प्रेझेंटर वर्गाला सांगते. चौथी रिफ्लेक्टर: गट कसा चालला, कोण गप्प राहिलं, कुठे घाई झाली, हे ती बघते आणि शेवटी सांगते. चौथं काम नव्या ट्यूटरना फालतू वाटतं. मला ते सगळ्यात मोलाचं वाटतं. ओव्हर घेताना, म्हणजे ड्युटी बदलताना रुग्णांची माहिती घेताना, कोणी काय सांगायचं विसरलं हे जिच्या लक्षात येतं, तशी सिस्टर प्रत्येक वॉर्डाला हवी असते, आणि ती नजर इथे तयार होते. दर तासाला कामं एक घर पुढे सरकतात. "मला बोलता येत नाही मॅडम" म्हणणारीलाही तिच्या पाळीला बोलावंच लागतं; फक्त तिच्या आधी दोन गटांचं ऐकवून घ्या.

साठ मुली असतील तर पंधरा गट होतात, एकट्याने फिरणं जमत नाही. अर्धी तुकडी पोस्टिंगला असेल त्या दिवशी घ्या. बाक हलत नसतील तर पुढच्या बाकावरच्या दोघींनी मागे तोंड करून बसायचं, झाला गट. तक्ता प्रत्येकीला, प्रश्नांचं पत्रक गटाला एकच. एकच पत्रक असलं की डोकी एकत्र येतात, आणि झेरॉक्सही वाचते. एप्रिल-मेमध्ये तास सकाळी आठचा ठेवा. दुपारी पंखा आणि लाइट दोन्ही गेले की आपल्याकडच्या उन्हात कुणाचंच डोकं चालत नाही.

तासात तुम्ही काय करायचं

पाच मिनिटं कामं वाटायला, तीस मिनिटं गटांना, पंधरा मिनिटं गटांचं ऐकायला, दहा मिनिटं लिहायला. घड्याळ फळ्यावर लिहून ठेवा.

मधल्या तीस मिनिटांत तुम्हाला खूप बोलावंसं वाटेल. गटाजवळ जा, बाकाच्या बाजूला थांबा, ऐका आणि पुढे जा. "मॅडम, आमचं बरोबर हाय का?" असं विचारलं तर "कोणत्या नोंदीवरून म्हणता?" एवढंच विचारा. दोन गटांची उत्तरं वेगळी असतील तर त्यांना एकमेकांकडे पाठवा. प्रश्न विचारल्यावर थांबा. अमेरिकेतल्या शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिलं की शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एखादाच सेकंद थांबतात, आणि तीन सेकंद थांबलं तरी उत्तरं लांब आणि विचारपूर्वक येतात. आपल्या मुलींना मनात मराठीतून इंग्रजीत जावं लागतं. त्यांच्यासाठी मी दहापर्यंत मोजते. पहिल्यांदा ती शांतता अंगावर येते.

तीनच वेळी मध्ये पडा. गट पाच मिनिटं जागेवरच असेल तर एक छोटा प्रश्न द्या. एकच मुलगी सगळं लिहीत असेल तर पेन उचलून दुसरीच्या हातात द्या. आणि रुग्णाच्या जिवाशी गाठ असलेली चूक ठरत असेल, म्हणजे "बीपी नॉर्मल आहे, अर्ध्या तासाने पुन्हा बघू" असं, तर ती त्या गटाकडून वर्गासमोर मांडून घ्या आणि तासातच दुरुस्त करा. शोधू द्यायचं, पण चुकीचं उत्तर घेऊन कुणी वॉर्डात जाता कामा नये. इथे मी अजिबात सैल सोडत नाही.

भाषा

चर्चा मराठीत होऊ द्या. कुणी हिंदीत, दखनीत, तांड्यावरच्या मुली गोरमाटीत, देगलूर-बिलोलीकडच्या तेलुगूत बोलल्या तरी चालेल. परीक्षा इंग्रजीत आहे म्हणून चर्चाही इंग्रजीत करायला लावली की बोलणाऱ्या दोनच मुली उरतात, आणि त्या बरोबर आहेत की फक्त इंग्रजी बऱ्या आहेत, हे तुम्हालाच कळत नाही. नावांची चौकट इंग्रजीत द्या, रेकॉर्डरने त्या संज्ञा तशाच वापराव्यात. विचार मराठीत पक्का झाला की इंग्रजी वाक्य बसवायला वेळ लागत नाही. उलटं करून मी बघितलंय. वाक्य बसतं, विचार बसत नाही.

परीक्षा आणि पोर्शन

"हे परीक्षेत येणार का?" हा प्रश्न मुली पहिल्याच दिवशी विचारतात, आणि तो रास्त आहे. म्हणून शेवटची दहा मिनिटं विद्यापीठाच्या परीक्षेच्या धर्तीवरचा एक प्रश्न, प्रत्येकीने एकटीने, वही बंद करून. गटात डोकं टेकवून निभावलेल्या मुली इथे कळतात. त्या पानांना मी गुण देत नाही. त्याच रात्री वाचते आणि दुसऱ्या दिवशी दोन चुका फळ्यावर घेते.

पोर्शन संपत नाही, हे तुमच्या वरिष्ठांचं म्हणणं असेल. पंधरा दिवसांतून एकच तास घ्या, आणि तो धडा पुन्हा व्याख्यानाने घेऊ नका. २०२१-२२ पासूनचा बी.एस्सी. नर्सिंगचा सुधारित अभ्यासक्रम सत्रांचा, क्रेडिटचा आणि कौशल्यावर बेतलेला आहे; मुलीला काय करता येतं हे तो विचारतो. प्राचार्यांशी बोलताना पद्धतीचं नाव सांगण्यापेक्षा एक सोडवलेलं पत्रक टेबलावर ठेवा. माझ्याकडे तरी त्यानेच काम झालं.

तास संपल्यावर

त्याच दिवशी, घरी जायच्या आधी, पत्रकाच्या एका प्रतीवर लिहून ठेवा: कुठे अडल्या, कुठे कंटाळल्या, कोणता प्रश्न सगळ्यांनी एका वाक्यात संपवला. जो प्रश्न एका वाक्यात संपतो तो काढून टाका किंवा त्याच्याआधी एक पायरी घाला. बाळंतिणीच्या पत्रकाची माझी आताची प्रत नववी आहे.

आणि आठवडाभरात त्याच मुलींबरोबर प्रसूती वॉर्डात एक फेरी मारा. काही विचारू नका. तक्ता हातात घेतल्यावर त्यांचं बोट आधी कोणत्या रकान्यावर जातं, तेवढं बघा. मागच्या पावसाळ्यात एका मुलीने नाडीचा रकाना वरपासून खालपर्यंत वाचला, खिशातून मोबाइल काढून भागाकार केला, आणि मला न विचारता हात धुऊन त्या बाईच्या पोटावर हात ठेवला.